मांजराचा जमाखर्च

एका साधूची गोष्ट आपल्याकडे बहुतेकांना ठाऊक आहे. रानांत झोंपडी बांधून तो राही. अंगावर एक लंगोटी आणि दोरीवर वाळत घातलेली दुसरी, एवढीच काय ती त्याची मालमत्ता. ती वाळत घातलेली लंगोटी उंदीर कुरतडूं लागले. गांवकरी म्हणाले, 'महाराज, एक मांजर पाळा.' मांजर आलें. मांजराला दूध हवें म्हणून गाय आली. गाईला चारा हवा म्हणून जमीन आली. जमीन कसावयास गडीमाणसें आलीं. धान्य सांठवावयास कोठार आलें. आणि एवढा व्याप सांभाळणारें कोणीतरी घरांत हवें म्हणून अखेर लग्नहि झालें. कांहीं वर्षांनीं गुरु भेटीस आले तेव्हां त्यांना झोंपडीच्या जागीं चौसोपी वाडा दिसला. 'हें सगळें काय?' असें त्यांनीं विचारतांच शिष्यानें मान खालीं घालून उत्तर दिलें, 'महाराज, एका लंगोटीसाठीं.'

कीर्तनकार ही गोष्ट वैराग्याच्या उपदेशासाठीं सांगतात. आम्हांला मात्र ती वाचतांना दर वेळीं असें वाटतें कीं, साधूची चूक मोहाची होती त्याहून अधिक ती अंदाजपत्रकाची होती. मांजराला रोज काय लागेल, तें कोण देईल आणि किती दिवस देईल, हे तीन प्रश्न त्यानें मांजर घरांत घेण्यापूर्वीं विचारले असते तर गोष्ट तेथेंच संपली असती. आमच्या लहानपणीं घरखर्चाची जी वही असे तिच्यांत दूध, तेल, लाकूडफांटा, परीट, न्हावी अशीं सारीं सदरें असत. मांजराचें सदर मात्र कधींच नसे. तथापि एखादें पिलूं माळ्यावरून उतरून स्वयंपाकघरांत मुक्कामाला आलें कीं गवळ्याचें माप निमूटपणें वाढे, आणि महिनाअखेर 'किरकोळ' ह्या सदराखालीं पडणाऱ्या रकमेचा खुलासा वडिलांनीं आईला विचारूं नये असा एक अलिखित करार होता. मांजर फुकट मिळतें, आणि त्यामुळेंच त्याचा हिशेब कोणी करीत नाहीं. परंतु कांहीं राजांनीं, कांहीं देवळांनीं आणि विशेषतः कांहीं सरकारी कचेऱ्यांनीं तो हिशेब केला व लिहून ठेविला. ते कागद आज वाचावयास मिळतात, आणि मांजराच्या निमित्तानें ते माणसांविषयींच पुष्कळ सांगून जातात.

प्रथम किंमत आणि खर्च ह्यांतील भेद ध्यानांत घेतला पाहिजे. मांजराच्या किमतीचा विचार वेल्सच्या जुन्या कायद्यांत फार बारकाईनें केलेला आढळतो. हे कायदे दहाव्या शतकांतील हाउएल ह्या राजाच्या नांवावर मोडतात. त्यांचीं आज उपलब्ध असलेलीं हस्तलिखितें मात्र तेराव्या शतकापासूनचीं आहेत. पिलूं जन्मल्यापासून डोळे उघडीपर्यंत त्याची किंमत एक पेनी. डोळे उघडल्यापासून पहिला उंदीर मारीपर्यंत दोन पेन्स. आणि उंदीर मारूं लागल्यावर चार पेन्स. विकणारानें हमी द्यावयाची ती अशी: मांजराला दिसलें पाहिजे, ऐकूं आलें पाहिजे, त्याचीं नखें शाबूत असलीं पाहिजेत, आणि मांजरी असल्यास तिनें आपलीं पिलें खातां कामा नयेत. ह्यांत उणें निघाल्यास किमतीचा तिसरा हिस्सा परत. राजाच्या कोठाराचें रक्षण करणारें मांजर कोणी मारलें तर दंड कसा मोजावयाचा हेंहि सांगितलें आहे. मेलेलें मांजर शेपटीला धरून नाक जमिनीला टेंकेल असें लोंबतें धरावयाचें आणि शेपटीचें टोंक झांकलें जाईपर्यंत त्याच्यावर धान्य ओतावयाचें. होईल ती रास हाच दंड. गणितांत न बसणारी वस्तु मापांत बसविण्याची ही युक्ति आम्हांला मोठी मार्मिक वाटते, कारण मांजर जें धान्य वांचवितें त्याच धान्यानें त्याची किंमत येथें मोजली आहे. परंतु ह्या सबंध कायद्यांत त्याच्या पोटाला रोज काय घालावें ह्याविषयीं आम्ही वर दिलेल्या कलमांत एक अक्षर नाहीं.

आपल्याकडे कौटिल्यानें हा प्रश्न आणखीच स्वस्तांत उरकला आहे. अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणांत आग, पूर, रोगराई, दुष्काळ अशा संकटांच्या मालिकेंत उंदरांचें भय गणलेलें आहे, आणि त्यावर पहिला उपाय मांजरें व मुंगुसें मोकळीं सोडण्याचा सांगितला आहे. त्यांना पकडणाऱ्यास अगर मारणाऱ्यास बारा पण दंड. आणि ज्यानें आपलीं कुत्रीं आवरून धरलीं नाहींत त्यालाहि तोच दंड. म्हणजे राज्यानें मांजराच्या जिवाची हमी घेतली, पोटाची नव्हे. खजिन्यांतून दमडी जात नाहीं, उलट दंडाच्या रूपानें कांहीं येण्याचाच संभव. अर्थशास्त्र म्हणावें तें ह्यालाच!

पोटाची हमी प्रथम स्पष्टपणें दिलेली आम्हांस आढळते ती इंग्लंडांतील एक्सिटर येथील कॅथीड्रलच्या हिशेबांत. तेथील जमाखर्चाच्या गुंडाळ्यांत १३०५ पासून १४६७ पर्यंत, म्हणजे दीडशें वर्षांहून अधिक काळ, रखवालदार व मांजर ह्यांच्या नांवें दर तिमाहीस तेरा पेन्स खर्चीं टाकलेले आहेत. तिमाहीचे आठवडे तेरा, तेव्हां आठवड्याला एक पेनी झाली. त्या काळीं साध्या मजुराला दिवसाला दीड पेनीच्या आसपास मजुरी मिळे हें लक्षांत घेतलें, तर देवळाच्या मांजराची ही तैनात अगदींच हलकी म्हणतां येणार नाहीं. पुढें १५९८ च्या सुमारास तेथील बिशप विल्यम कॉटन ह्यानें घड्याळाच्या खोलीच्या दारास मांजरापुरतें एक भोंक पाडविलें आणि त्याबद्दल सुताराला आठ पेन्स दिले. घड्याळाच्या दोरांना चरबी लावीत आणि त्या चरबीसाठीं उंदीर येत. तें गोल भोंक अजून तेथें पाहावयास मिळतें. मांजर ठेवण्याच्या खर्चांत दाराचा खर्चहि धरावा लागतो, हें त्या बिशपला कळलें होतें.

रशियाच्या एलिझाबेथ राणीनें १७४५ सालीं एक फर्मान काढून काझान शहरांतून मोठमोठे, उंदीर धरण्यांत पटाईत असे तीस बोके पीटर्सबर्गच्या राजवाड्याकडे मागविले. त्यांच्याबरोबर त्यांना खाऊं घालणारा माणूस, वाहन आणि वाटेवरचें खाणें ह्यांचीहि तजवीज त्याच फर्मानांत होती. राजेरजवाड्यांचें असेंच असतें. वस्तु हवी असली कीं तिच्यामागून येणारा खर्च त्यांच्या दृष्टीला दिसतच नाहीं. साधूला तरी तो एकेक करून दिसत गेला.

ह्या प्रश्नाला शुद्ध हिशेबी बुद्धीनें भिडण्याचा मान लंडनच्या पोस्ट खात्याकडे जातो. १८६८ च्या सप्टेंबरांत तेथील मनीऑर्डर कचेरीच्या मुख्य अधिकाऱ्यानें वरिष्ठांकडे तक्रार केली कीं, उंदीर कागद कुरतडून टाकीत आहेत, तरी तीन मांजरें ठेवण्याची परवानगी मिळावी व त्यांच्या पोषणासाठीं आठवड्याला दोन शिलिंग मंजूर व्हावे. खात्याच्या सेक्रेटरीचें उत्तर सरकारी दप्तरांत जपून ठेविलें आहे, आणि कारकुनी भाषेचा तो एक नमुनाच म्हटला पाहिजे. तीन मांजरें उमेदवार म्हणून घेण्यास हरकत नाहीं. त्यांची परीक्षा घेण्यांत यावी. शक्य तों तीं मांजरीच असाव्यात. त्यांना फाजील खाऊं घालूं नये, सबब आठवड्याला एक शिलिंगाहून अधिक देतां येत नाहीं. उरलेला मेहनताना त्यांनीं उंदरांतून काढावा. आणि सहा महिन्यांत उंदीर कमी झाले नाहींत तर ह्या भत्त्यांतूनहि कांहीं कापण्यांत येईल. असा ह्या उत्तराचा भावार्थ आहे.

एक शिलिंगाचे बारा पेन्स. तिघींत वाटून आठवड्याला प्रत्येकीस चार. एक्सिटरच्या मांजरास साडेपांचशें वर्षांपूर्वीं मजुराच्या अर्ध्याहून अधिक दिवसाची मजुरी आठवड्याला मिळत होती. १८६८ च्या लंडनमध्यें साधा मजूर दिवसाला तीन शिलिंगांच्या आसपास मिळवी. त्या मानानें पोस्टांतील मांजरीच्या वांट्याला दिवसाच्या मजुरीचा नववा हिस्सा आला. देवळाच्या मांजरापेक्षां साम्राज्याचें मांजर गरीब, असा ह्याचा अर्थ. परंतु आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते ती सेक्रेटरीची विचारसरणी. तो मांजराच्या भुकेला खर्चाच्या बाजूस न मांडतां जमेच्या बाजूस मांडतो. पोट अर्धें रिकामें ठेवलें म्हणजे तेवढेच उंदीर अधिक मरतील, आणि तेवढेच पैसे वांचतील, असा दुहेरी नफा त्यानें धरला आहे. त्याच काळांत त्याच देशांत अनाथालयांतील मुलांची आणि गिरण्यांतील मजुरांची भूक ह्याच तराजूंत घातली जात होती, ही गोष्ट येथें आठवल्याखेरीज राहत नाहीं.

पुढें काय झालें? १८६९ च्या मे महिन्यांत वर कळविण्यांत आलें कीं, मांजरींनीं आपलें काम चोख बजावलें आहे. म्हणजे परीक्षेंत त्या उतरल्या. मात्र १८७३ सालीं त्यांचा भत्ता वाढवून दीड शिलिंग करावा लागला. सेक्रेटरीनें घातलेली मर्यादा पांच वर्षें टिकली. साधूची तेवढीहि टिकली नव्हती, हें कबूल केलें पाहिजे. तथापि जी दिशा गोष्टींत तीच दप्तरांत.

आतां सेक्रेटरीचें गृहीतक मुळांत खरें कीं खोटें, हें पाहिलें पाहिजे, कारण आपल्याकडेहि 'पोटभर खाल्लेलें मांजर उंदीर धरीत नाहीं' असें सर्रास म्हणतात. प्राणिशास्त्रज्ञांनीं हें पडताळून पाहिलें आहे. भुकेनें शिकारीला जोर येतो हें खरें. परंतु शिकारीची ऊर्मि केवळ भुकेंतून उठत नाहीं. आवडीचें अन्न खात असलेलें मांजरहि समोर उंदीर दिसतांच तें अन्न टाकून त्याच्यावर झडप घालतें आणि मग परत येऊन ताटलींतलें जेवण पुरें करतें, असें प्रयोगांत दिसून आलें आहे. चार्ल्स एल्टन ह्या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञानें शेतवाड्यांवरील मांजरांचा अभ्यास करून १९५३ सालीं जें प्रसिद्ध केलें तें ह्याहून उद्बोधक आहे. वाड्यांतील उंदीर एकदां नाहींसे केल्यावर, ज्या मांजरांना रोज दूध मिळत होतें तीं घराशीं राहिलीं आणि इमारतींभोंवतालचा पन्नासेक यार्डांचा टापू त्यांनीं उंदरांपासून मुक्त राखला. मात्र आधींच बोकाळलेल्या उंदरांचा निःपात करणें त्यांना साधलें नाहीं. ह्यावरून दूध ही मांजराच्या कामाची मजुरी नसून त्याच्या राहण्याचें मोल आहे, असें आम्ही समजतों. उपाशी मांजर अधिक शिकार करील खरें, पण ती शेजाऱ्याच्या घरीं! आमच्या आईचें 'किरकोळ' ह्या दृष्टीनें सेक्रेटरीच्या शिलिंगाहून अधिक शास्त्रशुद्ध होतें.

मांजराच्या खर्चाचा सर्वांत गंभीर हिशेब आपल्याच प्रांतांत मांडला गेला, आणि तो कारकुनानें नव्हे तर डॉक्टरानें. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला आणि पुढील वर्षांत तो खेडोपाडीं पसरला. उंदीर मेले कीं माणसें मरूं लागतात हें लोकांनीं डोळ्यांनीं पाहिलें होतें, आणि उंदरांवरील पिसवांच्या द्वारें रोग माणसाला होतो हें थोड्याच वर्षांत सिद्ध झालें. त्या वेळीं वऱ्हाड-नागपूर भागांत काम करणारे सरकारी वैद्यकीय अधिकारी अँड्र्यू ब्यूकॅनन ह्यांनीं गांवोगांव घरें आणि मांजरें मोजविलीं. ज्या गांवीं मांजरें पुष्कळ त्या गांवीं प्लेग फारसा शिरत नाहीं असें त्यांचें मत बनलें, आणि तें त्यांनीं १९०८ सालीं इंग्लंडच्या वैद्यकीय नियतकालिकांत मांडलें. ज्या घरांत माणसांनाच दूध नाहीं त्या घरीं मांजर पाळा असें सांगणें म्हणजे त्याच्या दुधाची तरतूद कोठून करावयाची हा प्रश्न निर्माण करणें होय. नागपूरच्या विणकराला तो प्रश्न लंडनच्या पोस्टापेक्षां कितीतरी कठीण होता. शिवाय मांजराला स्वतःलाहि प्लेग होतो आणि त्याच्यापासून तो माणसालाहि होऊं शकतो, हें आज निश्चित ठाऊक आहे. तेव्हां ब्यूकॅनन ह्यांच्या हिशेबांत एक बाजू मांडावयाची राहून गेली होती असें म्हणणें प्राप्त आहे. तरीहि घरांतलें मांजर हा चैनीचा नव्हे तर आरोग्याचा खर्च आहे, असें गंभीरपणें म्हणणारा अधिकारी ह्या देशांत होऊन गेला, ह्याची नोंद घेतली पाहिजे.

पुन्हां लंडनकडे वळूं. १९२० नंतरच्या वर्षांत तेथील गृहखात्याच्या कचेरींत पीटर नांवाचा एक काळा बोका होता. त्याची अडचण पोस्टांतल्या मांजरींच्या अगदीं उलट. कचेरींतलीं माणसें आपल्या डब्यांतले तुकडे त्याला इतके घालीत कीं उंदरांकडे ढुंकून पाहण्याची त्याला गरज वाटेना. सबब त्याला कोणी कांहीं घालूं नये असा हुकूम निघाला. हुकूम निघाल्यावर त्याच्या नियमित खाण्याची जबाबदारी साहजिकच सरकारवर आली, आणि १९२९ च्या जूनमध्यें अर्थखात्यानें कळविलें कीं, कार्यक्षम मांजराच्या पोषणासाठीं दररोज एक पेनी किरकोळ खर्चांतून देण्यास हरकत नाहीं. 'कार्यक्षम' हें विशेषण मूळ पत्रांतलें आहे, आमचें नव्हे. आणि 'किरकोळ' हें सदर पाहून तर आम्हांस आमच्या घरची वही आठवली. आठवड्याचे सात पेन्स. म्हणजे पोस्टांतल्या मांजरीला १८६८ सालीं मिळत त्याच्या पावणेदोन पट. माणसांच्या मायेनें मांजर बिघडतें म्हणून ती माया बंद करावयाची, आणि बंद केलेल्या मायेच्या जागीं रोजची एक पेनी ठेवावयाची, असा हा व्यवहार झाला.

पोस्टांतील मांजरांचा विषय १९५३ सालीं पार्लमेंटांतहि निघाला. १९१८ च्या जुलैपासून त्यांचा भत्ता वाढलेला नाहीं, ह्याकडे एका सभासदानें लक्ष वेधलें. त्यावर सहायक पोस्टमास्टर-जनरल गॅमन्स ह्यांनीं मोठ्या गांभीर्यानें उत्तर दिलें कीं, निरनिराळ्या ठिकाणीं भत्ता निरनिराळा आहे. कामाच्या मानानें मोबदला देण्याची पद्धत ह्या वर्गाला लागू करणें अशक्य ठरलें आहे. हे सेवक बेभरंवशाचे, लहरी आणि दीर्घकाळ गैरहजर राहणारे आहेत. वाढ झाली नसली तरी त्यांच्याकडून एकहि तक्रार आलेली नाहीं. सभागृह हंसलें असेल. परंतु ज्याला तक्रार करतां येत नाहीं त्याच्या बाजूनें तक्रार करावयास पस्तीस वर्षांनीं का होईना एक माणूस उभा राहिला, ही गोष्ट त्या हंशांत आम्हांला विसरतां येत नाहीं. त्या वेळीं पोस्टाच्या मुख्य कचेरींत टिब्स नांवाचा तेवीस पौंड वजनाचा बोका आठवड्याला अडीच शिलिंगांवर नोकरी करीत होता. तो चौदा वर्षें काम करून १९६४ सालीं मेला. पोस्टाचें शेवटचें मांजर १९८४ सालीं गेलें. उंदरांना आवडणाऱ्या कापडी पिशव्यांच्या जागीं तोंवर प्लास्टिकच्या आल्या होत्या, आणि ११६ वर्षें चाललेलें तें खातें बंद झालें.

१९८९ सालीं लंडनच्या मंत्रिमंडळ कचेरींत हंफ्री नांवाचें एक भटकें मांजर येऊन राहिलें. त्याचा वार्षिक खर्च शंभर पौंड लागे आणि त्याच्यापूर्वीं उंदीर मारण्याचा मक्ता वर्षाला चार हजार पौंडांस दिलेला होता, हे आंकडे त्या वेळीं वर्तमानपत्रांतून पुष्कळ गाजले. तुलना मांजराच्या बाजूची असली तरी ती अपुरी आहे. १९९७ सालीं मूत्रपिंडाच्या विकारामुळें हंफ्रीला निवृत्त करावें लागलें. म्हातारपण आणि दुखणें ह्यांचें सदर त्या शंभर पौंडांच्या आंकड्यांतून कोणालाच दिसलें नव्हतें. २०११ सालीं पंतप्रधानांच्या घरीं लॅरी नांवाचा बोका आला तेव्हां त्याच्या खाण्याचा भार तेथील नोकरवर्गानें वर्गणीनें उचलला. म्हणजे सहा-सात शतकांनंतर खर्च पुन्हां तेथेंच आला, ज्यांना मांजर आवडतें त्यांच्या खिशांत.

आणि आम्ही अजून माइकविषयीं सांगितलें नाहीं. ब्रिटिश म्यूझियमच्या महाद्वाराशीं १९०९ ते १९२९ अशीं वीस वर्षें हा बोका राहत असे. म्यूझियममधील ईजिप्त व अ‍ॅसिरिया विभागाचे प्रमुख सर अर्नेस्ट वॉलिस बज ह्यांचा तो लाडका. प्राचीन ईजिप्तमधील लोक मांजराला देवता मानीत, त्याचीं शवें मसाले भरून पुरीत. असलीं शवें ज्यांच्या ताब्यांत होतीं त्या विद्वानानें जिवंत मांजराच्या पोटासाठीं आठवड्याला सहा पेन्स देऊं केले. १९२४ सालीं बज नोकरींतून निवृत्त झाले. सहा पेन्स मात्र थांबले नाहींत. माइक म्हातारा झाला, त्याचे दांत पडले, उंदीर-कबुतरांशीं त्याचा संबंध उरला नाहीं. तेव्हां दारावरचे पहारेकरी पाळीपाळीनें त्याच्यासाठीं मऊ मांस आणि मासे बारीक करून ठेवीत. तो १९२९ च्या जानेवारींत मेला, आणि बज ह्यांनीं त्याच्यावर एक छोटेखानी चरित्रपुस्तिका लिहून छापविली. शेवटच्या वर्षांतील त्या मऊ तुकड्यांचा हिशेब कोणत्या सदरांत घातला होता, हें त्या पहारेकऱ्यांपैकीं कोणीं लिहून ठेविलेलें नाहीं.